निबंधाच्या वहीतून हरवलेले ‘कारण’

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सीमाभागालाही त्याचा आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा निर्णय काढला. त्यावर रान उठले आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. इकडे कर्नाटकात प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल देताना दोनच भाषांचे सूत्र सुचवले आणि पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिक्षण द्यावे, असे म्हटले. किती भाषा, कोणत्या भाषा, कितव्या इयत्तेपासून, यावर नदीच्या दोन्ही काठांना भरपूर बोलणे झाले. त्या भाषेत आपले मूल नेमके काय लिहिते, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला ऐकिवात नाही.

तो विचारण्याचे निमित्त लहानसे आहे. गेल्या वर्षी एका खेड्यातील वाचनालयाने निबंध स्पर्धा घेतली आणि वह्या तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. सहावी ते आठवीची मुले, विषय ‘मातृभाषेतून शिक्षण’. तीसेक वह्या होत्या. पहिल्या चार वाचल्या आणि पाचवी उघडण्याचे काही कारण उरले नाही. सुरुवात एक, मधले दाखले एक आणि शेवटचा जयजयकारही एकच. मातृभाषेला आईच्या दुधाची उपमा प्रत्येकाने दिली होती. ‘आमच्या शाळेत’ हे दोन शब्द एकाही वहीत नव्हते. फळ्यावर लिहून दिलेला मजकूर मुलांनी इमानेइतबारे उतरवला होता. ज्याचे अक्षर चांगले त्याला पहिला नंबर द्यायचा, एवढेच परीक्षकाच्या हाती राहिले होते. तो मी दिला, हेही कबूल केले पाहिजे.

बक्षिसे वाटून झाल्यावर हीच मुले देवळाच्या कट्ट्यावर भांडताना दिसली. भांडण बसवरून चालले होते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. एक मुलगा तावातावाने सांगत होता की, फुकट केल्यापासून सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा राहिलेली नाही, हायस्कूलची पोरे दारात लोंबकळत जातात. त्यावर एक मुलगी उसळून म्हणाली, “माझी आई रताळी घेऊन बेळगावला जाते. तिचे तिकिटाचे पैसे वाचतात. बस वाढवा म्हण की, आमचं तिकीट कशाला काढूलास?” तिसरा म्हणाला, बस वाढवल्या तर ड्रायव्हर कुठून आणणार? दहा मिनिटांत मत आले, पुरावा आला, विरुद्ध बाजू आली, तोडगा आला आणि तोडग्यावरचा आक्षेपही आला. अर्ध्या तासापूर्वी ज्यांच्या वह्यांत एकही स्वतःचे वाक्य नव्हते, तीच ही मुले. युक्तिवाद त्यांच्या तोंडात आहे. तो हातात उतरत नाही, आणि उतरवण्यासाठी शाळेत कोणी खटपट करत नाही.

आपल्या शाळेत फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त असते, सूर्य उगवला नाही तर काय होईल हे असते, पावसाळ्यातील एक दिवस तर असतोच असतो. वैचारिक निबंधही पाठ्यक्रमात आहे. पण तो विचार करून लिहायचा नसतो, पाठ करून लिहायचा असतो. दहावीच्या परीक्षेत प्रथम भाषेचा पेपर इतर विषयांपेक्षा वजनदार, त्यात निबंध आणि पत्र ठरलेले. त्यामुळे सहावीपासूनच गाइडातले निबंध सुरू होतात. गुरुजींना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे जो वर्ग बसलेला असतो तो एक वर्ग नसतोच मुळी.

सीमाभागातील एखाद्या मराठी उच्च प्राथमिक शाळेची सातवी डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस मुले, पुष्कळदा शेजारीच सहावी बसलेली, आणि दोन्ही वर्गांना मिळून एक शिक्षक. एका मुलीच्या घरी रोज वर्तमानपत्र येते आणि आजोबा तिच्याकडून ते मोठ्याने वाचून घेतात. तिच्या शेजारच्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात. जवळची शाळा म्हणून तो मराठीत आला. पलीकडचा खानापूरच्या पश्चिमेच्या रानातला, त्याच्या घरची बोली कोकणीकडे झुकणारी. आणखी एकाचे आईवडील गवंडीकामासाठी गावोगाव फिरतात, त्यामुळे त्याची दोन वर्षे कुठल्याच शाळेत नीट गेलेली नाहीत. दुसरीचे पुस्तक तो अक्षरावर बोट ठेवून वाचतो. हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर सरळ वाचू शकणारी मुले निम्म्याहून थोडी कमीच निघाली. आपल्याकडे त्यात घरच्या भाषांची भर पडते, एवढेच.

अशा वर्गापुढे गुरुजी दोनपैकी एक वाट धरतात. एक तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलीला समोर ठेवून शिकवायचे आणि बाकीच्यांनी फळ्यावरचे उतरवून घ्यायचे. नाहीतर चार हुशार मुलांना निबंध द्यायचा आणि मागच्या बाकावरच्यांना गाळलेल्या जागा भरायला बसवायचे. दुसरी वाट दयाळूपणाची वाटते. माझ्या मते तीच अधिक घातक आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला विचारही करता येत नाही, असे आपण त्या मुलाला न बोलता सांगत असतो, आणि वर्षभरात ते त्याला पटते. कट्ट्यावर ड्रायव्हरचा प्रश्न काढणारा मुलगा मागच्या बाकावरचा होता, हे मला नंतर कळले.

तिसरी वाट आहे आणि ती फार खर्चाची नाही. प्रश्न सगळ्यांना एकच द्यायचा. त्याच्यापर्यंत पोचण्याच्या पायऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाने बांधायच्या. बसचाच प्रश्न घेऊ. ‘महिलांना मोफत बस प्रवास असावा का?’ पहिल्या तासाला कोणी पेन उघडायचे नाही. वर्गाच्या दोन भिंती ठरवायच्या, असावा म्हणणारे इकडे, नसावा म्हणणारे तिकडे. आणि भिंत बदलायची तर कारण सांगून बदलायची. कारणे गुरुजींनी मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. इथे वाचता न येणारा मुलगा आणि पेपर वाचणारी मुलगी एका पातळीवर असतात, कधी कधी तो तिच्यापुढेही असतो, कारण दारात लोंबकळण्याचा अनुभव त्याचा आहे.

दुसऱ्या तासाला माहिती गोळा करायची. पेपर वाचणाऱ्या मुलीने योजनेची बातमी वाचावी. मधल्या मुलांना त्याच बातमीचे गुरुजींनी सोप्या आठ ओळींत लिहिलेले रूप द्यावे. अक्षरावर बोट ठेवणाऱ्याला काय द्यायचे? त्याला स्टॉपवर पाठवावे. सकाळच्या बसमध्ये किती बाया चढल्या, किती पुरुष, किती पोरे खाली राहिली, याच्या त्याने वहीत रेघा ओढाव्यात. चार दिवसांत त्याच्याकडे असा पुरावा जमतो जो वर्गात दुसऱ्या कोणाकडेही नसतो, आणि मग पेपर वाचणाऱ्या मुलीला आपल्या निबंधासाठी त्याच्याकडे आकडे मागायला जावे लागते.

लिहिण्याचा तास तिसरा. ज्याला पान कोरे दिसल्यावर घाम फुटतो त्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्याव्यात, त्यावर वाक्यांची नुसती तोंडे: ‘मला वाटते की...’, ‘कारण...’, ‘मी स्वतः पाहिले की...’, ‘काही जण म्हणतात...’, ‘पण...’. त्याने पाच वाक्ये पुरी केली तरी तो युक्तिवाद झाला. हातच चालत नसेल तर त्याने सांगावे आणि मित्राने लिहून घ्यावे, मग ते लिहिलेले त्यानेच वाचून उतरवावे. आपलेच बोललेले वाक्य वाचणे दुसऱ्याच्या धड्यापेक्षा सोपे जाते, हा कोणाही शिक्षकाचा अनुभव आहे. मधल्यांनी दोन कारणे आणि प्रत्येक कारणाला एक दाखला द्यावा. पट्ट्या जन्मभर हाती ठेवायच्या नसतात. दोन-तीन निबंधांनंतर एकेक काढून घ्यायची. आणि हे गट कायमचे करायचे नाहीत. बसच्या प्रश्नात मागे असलेला मुलगा, गव्यांनी पिकाची नासाडी केली तर भरपाई कशी ठरवावी या प्रश्नात सगळ्यांच्या पुढे असू शकतो. गटाला एकदा ‘ढ’ नाव पडले की सगळ्या खटपटीवर पाणी.

आता भाषेचे. या ठिकाणी आपले शिक्षक सर्वांत जास्त चुकतात. एका मुलाने लिहिले होते, ‘बस फुकट पाहिजे खरं सकाळची नको.’ गुरुजींनी ‘खरं’ शब्दाखाली लाल रेघ ओढून बाजूला प्रश्नचिन्ह काढले होते. आता बेळगाव-चंदगडकडच्या कोणालाही ठाऊक आहे की आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. येतो म्हणाला खरं आला नाही, असे आपण दिवसातून दहादा म्हणतो. त्या मुलाने एका वाक्यात सवलत मान्य करून तिला मर्यादा घातली होती. प्रौढ माणसालाही हे सहज जमत नाही. वैचारिक लेखनातला सर्वांत अवघड सांधा त्याने नीट बसवला होता आणि गुरुजींनी तिथेच लाल शाई सांडली! ‘खरं’च्या शेजारी ‘पण’ लिहून, छापायच्या मराठीत याला ‘पण’ म्हणतात, एवढे सांगितले असते तर काम भागले असते.

कन्नड घरच्या मुलाचेही तसेच. बोलता बोलता तो ‘याकंद्र’ म्हणून अडला. वर्ग हसला. ‘याकंद्र’ म्हणजे ‘कारण की’. म्हणजे त्याच्यापाशी कारण होते, शब्द तेवढा दुसऱ्या भाषेतला होता. अशा मुलाला मुद्दे आधी कन्नडमध्ये टिपू द्यावेत, मग मराठीत लिहायला लावावे. आपल्या मुलांना कन्नड शाळेत बसवले तर ती मुकी होतात, हा आपला सीमालढ्यातला जुना युक्तिवाद आहे आणि तो खरा आहे. मग आपल्याच वर्गात बसलेल्या कन्नड घरच्या मुलाला तो लागू होत नाही काय? संविधानाच्या ३५० (क) या कलमाने १९५६ साली अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. तिच्या आधारेच आपण इतकी वर्षे भांडत आलो. त्या कलमात फक्त मराठी असा शब्द नाही.

हुशार मुलांचे काय, असे पालक लगेच विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. बहुविध पातळीच्या वर्गात दुर्लक्ष होते ते केवळ मागच्या बाकाकडे नव्हे. पहिल्या बाकावरची मुलगीही तेच तेच गुळगुळीत वाक्य लिहीत चार वर्षे काढते. तिला जास्त पाने लिहायला लावणे म्हणजे पुढे नेणे नव्हे. तिला अवघड काम द्यावे, आणि सर्वांत अवघड काम विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचे. आपल्या न्यायशास्त्रात पूर्वपक्ष मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला उभे राहता येत नव्हते. समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की तो स्वतः म्हणेल, होय, मला हेच म्हणायचे होते. मग खोडायचे.

ही कसोटी सीमाप्रश्नालाही लावावी, असे मला वाटते, आणि त्यावर काही मंडळी रागावतील याची कल्पना आहे. आठवीच्या मुलीला सांगावे: कानडी सक्ती नको, हे तुझे मत. आता पलीकडच्या गावातल्या कन्नड मुलाच्या बाजूने लिही, राज्याची भाषा सर्वांना यावी असे त्याला का वाटते? आणि मग जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांचा विचार कर. त्या महाराष्ट्रात आहेत. आपल्याला इथे जे हवे ते त्यांना तिथे द्यायला आपण तयार आहोत का? जी मुलगी याला ‘होय’ म्हणून पुढे आपली बाजू मांडेल तिचा युक्तिवाद कोणीही सहजासहजी मोडू शकणार नाही. आपल्या सभांतून मात्र उलट शिकवण मिळते. घोषणा उत्तम होतात, टाळ्या पडतात. समोरचा काय म्हणतो ते विचाराल तर शिवीपलीकडे उत्तर नसते. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तिथे घोषणा चालत नाहीत. तिथे खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता अशा मुद्द्यांना पुराव्यानिशी पुढे जावे लागते. एवढ्या लांब कशाला, ग्रामपंचायतीत उतारा मराठीत मिळावा म्हणून अर्ज करायचा तरी तीन कारणे आणि एक नियम लिहावा लागतो. असा अर्ज लिहिणारी माणसे गावात आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती साठीच्या पुढची आहेत.

शाळकरी वयात असे लिहिता येत नाही, ही समजूत मराठीपुरती तरी खोटी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदाच्या आसपास होती. घरात शिक्षणाची परंपरा नाही, शाळेत येऊन जेमतेम काही वर्षे झालेली; आजच्या हिशेबाने ती मागच्या बाकावरची ठरली असती. तिने उपमा गोळा केल्या नाहीत. आपल्या लोकांचे काय होते ते सांगितले आणि ते का होते असा थेट जाब विचारला. आपल्या मराठी शाळांतून या निबंधाचे नावही न ऐकता मुले बाहेर पडतात, हे नवल आहे.

गुरुजी यावर सांगतात की वेळ नाही. ते खोटे नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातील शिक्षकांना सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी घरोघर फिरावे लागले आणि दसऱ्याची सुटी त्यापायी लांबली. पण वेळ तपासणीत वाचवता येईल. वीस वह्यांतल्या साऱ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल करण्यात जो वेळ जातो त्यातला निम्मा फुकट असतो. मूल त्या बघतही नाही. पहिल्या खर्ड्यात एकच गोष्ट पाहावी, कारण दिले आहे का. दुसऱ्यात पुरावा. शुद्धलेखन शेवटच्या प्रतीला. आणि मुलाची तुलना शेजाऱ्याशी नव्हे, त्याच्याच मागच्या निबंधाशी करावी. मागच्या वेळी एक कारण होते, यंदा दोन आहेत, एवढा शेरा पुरतो.

पातळीनुसार शिकवणे ही कर्नाटकला परकी गोष्टही नाही. ‘नली-कली’ पद्धत १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. पहिली ते तिसरीची मुले त्यात एकत्र बसतात आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीने चढते. चौथीत पाऊल ठेवले की मात्र सगळ्यांना एकच धडा, एकच प्रश्नोत्तर. जी सवय तीन वर्षांत लागली ती पुढे का मोडायची, याचे समाधानकारक उत्तर शिक्षण खात्यातील कोणी मला दिलेले नाही. मराठी शाळांच्या दृष्टीने यात जगण्यामरण्याचा भाग आहे. ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही. त्यानंतर पालकाला अडवणारे काही उरले नाही. तो शाळा निवडतो ती मुलाला काय येते ते बघून, आणि आईच्या दुधाच्या उपमेवर तो इंग्रजी शाळेच्या गाडीतून मूल खाली उतरवणार नाही.

शिक्षण खाते हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे मराठी साहित्य संमेलने भरतात. गावकरी पदरमोड करून ती पार पाडतात, त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. त्यात परिसंवादाचा एक तास कमी करून सहावी-सातवीच्या मुलांना गावच्या एका प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे आणि जिंकणाऱ्याऐवजी आपले मत कारण सांगून बदलणाऱ्याला बक्षीस द्यावे. गावोगावच्या वाचनालयांनी निबंधाचा विषय आधी जाहीर करणे बंद केले तरी पुष्कळ होईल.

ज्या वाचनालयाच्या वह्यांपासून सुरुवात केली तिथे या जूनमध्ये मी पुन्हा गेलो होतो. तिथल्या बाईंनी बसच्या प्रश्नावर मुलांकडून आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहून घेतला. पुढे पेपर वाचणाऱ्या मुलीचा मजकूर, मध्ये रेघा ओढून मोजलेले चार दिवसांचे आकडे, आणि शेवटी ती बस रद्द न करता पाऊण तास आधी दुसरी सोडावी, अशी मागणी. अर्ज मराठीत लिहून झाल्यावर आगारात तो कन्नडमध्ये लागेल असे कळले. तेव्हा ‘याकंद्र’वाल्या मुलाला पुढे बसवून सगळ्यांनी त्याच्याकडून तो उतरवून घेतला. मराठी आणि कन्नड, दोन्ही प्रती एकाच पाकिटात गेल्या. पोच मिळाली आहे. बस अजून जुन्याच वेळेला येते, आणि मुले आता दुसऱ्या अर्जात कोणते कारण आधी घालायचे यावर भांडत आहेत.